पागोळीखालचं पिंप

पावसाच्या पाण्याचं एक पिंप भरून ठेवलं की उन्हाळाभर बाग जगेल, असं कुणी मनात धरलं असेल तर ते आधी काढून टाका. २०० लिटर पाणी मे महिन्यात आमच्या परसाला दोन दिवसही पुरायचं नाही. तरी दर आगोटीला पडवीच्या पागोळीखाली मी पिंप उभं करतेच. आमची विहीर कातळातली. मृगाच्या सरी सुरू होतात तेव्हा ती तळाला गेलेली असते, आणि पाऊस लागला म्हणून लगेच वर येत नाही. छपराचं पाणी मात्र पहिल्याच दिवशी हाती येतं, आणि मिरची-वांग्याच्या रोपांना ते नेमकं तेव्हाच हवं असतं.

पडवीचं छप्पर २० फूट लांब, ८ फूट रुंद, म्हणजे साधारण १५ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. कौलांनी थोडं पिऊन घेतलं तरी १५ मिलिमीटरच्या सरीत पिंप भरत येतं. आषाढात आमच्या रत्नागिरीकडे दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. त्या दिवशी याच पडवीवरून १५०० लिटर वाहून जातं.

सासूबाईंच्या वेळी पोफळीचं खोड उभं चिरून पन्हळ करायचे आणि खाली घंगाळ, हंडे लावायचे. आता पन्हळ पीव्हीसी पाइप उभा कापून केलेली आहे. पिंप भंगारवाल्याकडचं निळं, प्लॅस्टिकचं. घेताना त्यात आधी काय होतं ते विचाराच. आंब्याचा रस, साखरेचा पाक असलं काही असेल तर घ्यावं. औषधाचं किंवा रसायनाचं असेल तर फुकट मिळालं तरी नको. त्या पाण्यावर आपण भाजी पिकवणार आहोत.

तोटी अगदी तळाशी बसवू नये. चार बोटं वर भोक पाडून टँक निपल लावायचं, आतून-बाहेरून रबरी वायसर आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप. गाळ खाली राहतो, तोटी तुंबत नाही. वरच्या कडेजवळ दुसरं भोक, त्यातून जादा पाणी पाइपाने केळीच्या आळ्यात. बैठकीला जांभ्या चिऱ्यांचे दोन थर, म्हणजे तोटीखाली झारी सहज बसते. बैठक पाणसळीत हवी. भरलेलं पिंप २०० किलोच्या वर जातं, कललं तर घरातल्या पोराबाळांना धोका आहे.

पहिल्या एक-दोन सरींचं पाणी मी पिंपात घेत नाही. वर्षभराची धूळ, पाचोळा, माकडांची घाण सगळं त्यात उतरतं. पुढचं पाणीही झाडांनाच, पिण्याला नाही. तोंडावर मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून सायकलच्या ट्यूबने आवळते. एवढं करूनही आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून आतून घासायचं, यात सवलत नाही. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. गप्पी मासे विहिरीत ठीक, दर आठवड्याला रित्या होणाऱ्या पिंपात ते जगणार कसे?

भर आषाढात परसात पाय रुतत असताना साठवून करायचं काय? तेव्हा तोटी उघडीच ठेवते. पिंपाची खरी गरज पुन्हा लागते ती हस्ताच्या पावसात. सर येते, मग चार दिवस कडक ऊन, आणि जांभ्याची माती बघता बघता सुकते. लाल माठ आणि मुळा नुकता उगवलेला असतो, वालाला दोन पानं फुटलेली असतात. रोज संध्याकाळी चार झाऱ्या दिल्या की पुढची सर येईपर्यंत कोवळी रोपं तग धरतात. दिवाळीनंतर पिंप धुऊन गोठ्यात पालथं घालते. उन्हात राहिलं तर प्लॅस्टिक तडकतं, आणि निपलाभोवती गळायला लागतं ते तिथूनच.