कमी पैशात घरी बांधलेली गाडी: माझा अनुभव

दोन सीटची उघडी गाडी, पुढे इंजिन, जोर मागच्या चाकांना. १९५७च्या लोटस सेव्हनची ही मांडणी हौशी लोक आजही गिरवतात आणि मीही तीच धरली. कारण साधं आहे. चौकोनी पाइपचा सांगाडा जवळजवळ सगळा सरळ तुकड्यांचा होतो, त्यामुळे पाइप वाकवायचं यंत्र लागत नाही. पत्राही बहुतेक एकाच दिशेने वळतो.

पहिला पाइप कापायच्या आधी एक काम उरकून घ्या. घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी तुमच्याकडे होते का आणि त्यासाठी कोणत्या तपासण्या लागतात, हे लेखी विचारून ठेवा. सीटबेल्टचे जोड, दिव्यांची उंची, धूर या गोष्टी नंतर बदलायला महाग पडतात.

सुटे भाग काढायला एकच अख्खी गाडी घ्या. बॉडी गंजलेली चालेल, पण इंजिन सुरू होणारं हवं आणि सगळे गिअर पडायला हवेत. एका गाडीचा गिअरबॉक्स, दुसरीचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग), तिसरीचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) असं जमवायला गेलं की प्रत्येक सांध्यावर अ‍ॅडॅप्टर बनवावा लागतो आणि लेथवाल्याचं बिल इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करतं. भाग सोडवताना प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवायचा, नाहीतर पिशवीत घालून वर नाव लिहायचं. जुन्या गाडीचा उरलेला सांगाडा भंगारात द्यायची घाई नको. नवी गाडी चालू होईपर्यंत त्यातून काही ना काही काढावं लागतं: पेडलची कडी, वायरचा क्लिप, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचा ब्रॅकेट.

सांगाड्यासाठी २५ × २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा पाइप वापरला. त्याचं वजन मीटरला १.२ किलोच्या आसपास भरतं. तीसेक मीटर पाइप आणि ब्रॅकेटसाठी ३ मिमीची पट्टी एवढ्यात काम होतं. लोखंड हा सगळ्या हिशेबातला लहान आकडा आहे. पैसे गळतात ते कटिंग डिस्क, वेल्डिंगची तार, गॅस, होज, क्लॅम्प, बोल्ट यांत, कारण यातलं काहीच सुरुवातीच्या यादीत कोणी लिहीत नाही.

१८ मिमी प्लायचं टेबल पातळीत बसवून सांगाड्याचा तळ त्यावर पूर्ण मापात आखला. पाइप मधल्या रेषेवर न ठेवता बाहेरच्या कडेला लावायचा आणि दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठोकायचे. प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. १ मिमीच्या आत फरक आला तरच पुढे.

वेल्डिंगमध्ये घाई केली तर सांगाडा वाकतोच. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि पाइपला आपल्या बाजूला ओढतो. म्हणून आधी सगळीकडे फक्त टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारायचे, परत कर्ण मोजायचे आणि मग एक सांधा पुढचा डावा, त्यानंतरचा मागचा उजवा, असं फिरत फिरत पूर्ण करायचं. तुकड्यांत १ मिमीपेक्षा जास्त फट राहिली तर इतक्या पातळ पाइपला भोक पडतं. फट तारेने भरू नका, तुकडा नवा कापा. रोज सुरुवातीला त्याच पाइपचे दोन तुकडे जोडून शिकंज्यात धरायचे आणि हातोडीने वाकवायचे. पाइप वाकला आणि सांधा टिकला तर मशीनची सेटिंग बरोबर. सांधा सोलून निघाला तर वेल्ड नुसतं वर बसलंय, कितीही चमकू दे. सस्पेन्शन आणि सीटबेल्टच्या ब्रॅकेटबद्दल स्वतःवर भरवसा नसेल, तर टॅक मारलेला सांगाडा जाणत्या वेल्डरकडे न्यावा. तेवढ्याच सांध्यांचे पैसे लागतात. एक गोष्ट मात्र विसरू नका: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पाइप पुसून त्यावर वेल्डिंग करायचं नाही. आर्कच्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

सगळ्यात जास्त वेळ स्टीअरिंग रॅकने (डावी-उजवी सरकून पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याने) खाल्ला आणि तो द्यायलाच हवा होता. विशबोन (चाक सांगाड्याला जोडणारे त्रिकोणी आर्म) नवे आणि रॅक जुन्या गाडीचा, म्हणजे टाय रॉडचा (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) आणि विशबोनचा कंस जुळत नाही. मग चाक खड्ड्यात वरखाली झालं की आपोआप वळतं. हे तपासायला महागडं काही लागत नाही. स्प्रिंग काढा, रॅक मध्यावर बांधून टाका, हबला चाकाऐवजी एक सरळ फळी आवळा आणि हबखाली जॅक लावा. चालायच्या उंचीपासून ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली, १० मिमीच्या टप्प्यांनी जा. प्रत्येक टप्प्यावर फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं गाडीच्या मध्यरेषेपासूनचं अंतर लिहा आणि दोन्हींतला फरक कागदावर आलेखात मांडा.

तो आलेखच दुरुस्ती सांगतो. रेघ सरळ पण तिरकी आली, म्हणजे चाक वर जाताना आत आणि खाली जाताना बाहेर वळतं (किंवा उलट), तर रॅकची उंची चुकली आहे. शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून किंवा काढून ती जुळते. वर जाताना आणि खाली जाताना दोन्ही वेळा चाक एकाच बाजूला वळत असेल, म्हणजे आलेख वाटीसारखा आला, तर टाय रॉडची लांबी चुकली आहे. आतला बॉल जॉइंट वरच्या आणि खालच्या विशबोनच्या आतल्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेच्या जवळ यायला हवा. माझा आलेख वाटीसारखाच होता. रॅक प्रत्येक बाजूला साधारण १२ मिमी जास्त रुंद होता. मशीन शॉपमध्ये तो कापून नवे आटे पाडून घेतले. स्टीअरिंगचा कोणताही भाग घरी कापून वेल्ड करायचा नाही, इथे काटकसर नाही. शेवटी ४० मिमी वरखाली हालचालीत फरक १ मिमीवर आला. मगच रॅकचे ब्रॅकेट पक्के केले.

प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारा दांडा) आखूड करताना दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत राहिले पाहिजेत आणि नंतर बॅलन्सिंग करायलाच हवं. हे काम बाहेरूनच करून घ्या.

ब्रेकला सर्वो (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) ठेवला नाही, जागाच नव्हती. त्यामुळे पायाचा जोर वाढतो. ते भागवायला मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलात दाब तयार करणारा) लहान बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, घेतला: २२.२ मिमीच्या जागी १९ मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं, म्हणून तेवढ्याच जोराला दाब सुमारे ३६ टक्के जास्त मिळतो. फुकट मात्र नाही, पेडलचा प्रवासही तेवढाच वाढतो. ब्रेकच्या पाइपचं टोक फ्लेअर करण्याआधी (फुलवण्याआधी) पाइपवर नट घातलाय का बघा. हे सगळेच विसरतात, मी दोनदा विसरलो. हवा काढूनही पेडल मऊच राहिलं तर कॅलिपरकडे (चाकाजवळच्या ब्रेकच्या चिमट्याकडे) बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला तर ब्लीड निपल (हवा काढायचं तोंड) खाली येतो आणि वरची हवा कितीही पेडल मारलं तरी निघत नाही.

वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) मधेच कापून लहान करू नका. टेप सोडवा आणि नको असलेली वायर कनेक्टरपासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खी काढा. इंजिनापासून सांगाड्यापर्यंत जाड अर्थ पट्टी द्या आणि तिच्याखालचा रंग खरवडा. पट्टी राहिली तर स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते. रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असेल तर पाण्याची टाकी सगळ्यांत उंच हवी, नाहीतर हवा सिलिंडर हेडमध्येच अडकते.

रंगाआधी गाडी कोऱ्या लोखंडावर पूर्ण जोडली: सीट, एक्झॉस्ट, हँडब्रेकची केबल, सगळं. एक्झॉस्ट स्टीअरिंगच्या दांड्याला घासत होता आणि बॅटरीची ट्रे हलवावी लागली. वेल्डिंगची अशी अकरा कामं त्या जोडणीत निघाली. ती रंगानंतर निघाली असती तर रंग परत काढावा लागला असता. शेवटच्या जोडणीत सस्पेन्शनच्या रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले. लोंबत्या चाकावर आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या मार्करने नट आणि ब्रॅकेट यांवरून एक सलग रेघ ओढली. पहिल्या छोट्या फेरीनंतर टॉर्च घेऊन सगळ्या रेघा पाहिल्या. मागच्या आर्मवरच्या दोन सरकल्या होत्या. तिथे तात्पुरते साधे नट लावले होते, ते बदलून नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे नट) लावायचे राहून गेले होते.