वाडेगाव ते पातूर, एक टप्पा

सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, त्याला सहा दिवस झाले होते. सातव्या दिवशी पहाटे मी वाडेगावला निघालो. बायकोला सांगितलं, पाणी शिंपडत राहा, उद्या मोजू. २०२० च्या खरिपात विकत आणलेलं बियाणं आमच्या चार एकरांत उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून बियाणं घरचं आणि चाचणीही घरचीच. शंभरातले सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पेरायचं, कमी आले तर त्या मानानं वाढवायचं. नुसता दाणा पाहून काही कळत नाही. सोयाबीनचं टरफल पातळ. पोतं जोरात आपटलं तर आतला कोंब मरतो, आणि दाणा वरून तसाच गोल, पिवळा, चकचकीत.

मी मात्र निघालो होतो दुसऱ्याच तपासणीला.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही पाच वडील आहोत, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ. कोणाला प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, बसू द्यायचं, कोणाला समज द्यायची, हे आमच्याकडे येतं. मे महिन्याच्या बैठकीत एका काकांविषयी तक्रार आली. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, जन्मापासून मंडळीतले. तर हे काका दरवर्षी शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर एक टप्पा चालतात. कोणीतरी विचारलं, "यांचा विश्वास खरा तरी आहे का?" पत्र पाठवायचं ठरलं. पत्रात बायबलचं वचन मी घातलं, दुसरं करिंथ, म्हणजे पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं दुसरं पत्र, तेरावा अध्याय, आपण विश्वासात आहोत की नाही याची परीक्षा करा. काकांचं उत्तर आलं नाही. फोन केला तेव्हा म्हणाले, "बोलाचं हाय तं चालता चालता बोलू. वाडेगावले ये."

पालखी पाहिली होती, पण अकोल्यात, रस्त्याच्या कडेनं. मागं चालणं वेगळं. सातशेच्या आसपास वारकरी, पांढरे कपडे, भगव्या पताका, ओळ कुठं मोडत नाही. पंढरपूरपर्यंत त्यांची महिनाभराची चाल. आमच्यासारखे एका टप्प्याचे लोक मागच्या गर्दीत. दोन्ही बाजूंना लिंबाच्या बागा, मधेच वखरून ठेवलेली काळी रानं पावसाची वाट पाहणारी. इथल्या नदीचं नाव निर्गुणा. जूनच्या सुरुवातीला तिच्यात पाणीसुद्धा नव्हतं.

काकांबरोबर त्यांचा शाळेतला मित्र होता, कुणबी, सत्तरीच्या पुढचा, एका डोळ्यानं जवळजवळ काहीच न दिसणारा. त्याची पिशवी काकांच्या खांद्यावर. खड्डा आला की काका न बोलता त्याचं मनगट धरत आणि खड्डा गेला की सोडत.

मी काकांच्या ओठांवर लक्ष ठेवून चाललो. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. पुढं अभंग चालू झाला की हे म्हणतात का? ओठ हलत होते. जवळ सरकलो, तर चाल अभंगाचीच आणि शब्द आपल्या भजनाचे. आता यात आमच्या पाच वडिलांनी काय पकडायचं? ना. वा. टिळक (१८६१-१९१९) तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असंच म्हणत, आणि त्यांची अभंगाच्या चालीतली भजनं आम्ही दर रविवारी टाळ घेऊन म्हणतो.

पाण्यासाठी थांबलो तिथं एक म्हातारी बुक्क्याची डबी घेऊन उभी होती. काकांसमोर आली तेव्हा काका हात जोडून म्हणाले, "आमी ख्रिश्चन आहो, माय." ती म्हणाली, "मंग पानी तं पेसान?" आणि तिनं त्यांना लोटाभर पाणी दिलं. मग माझ्याकडे वळली. "तुमी कुठचे, माउली?" मी म्हणालो, "अकोल्याचा." एवढंच. तिचा अंगठा माझ्या कपाळापर्यंत आला आणि मी कपाळ पुढं केलं. श्रद्धेनं नाही, तिचा मान राखायलाही नाही. आजूबाजूला पन्नास माणसं होती आणि मला त्यांच्यात वेगळं दिसायचं नव्हतं. पंचवीस पावलं गेल्यावर रुमालानं पुसून टाकलं, म्हणजे दोन्हीकडून चोरी. पेत्रानं येशूला ओळखत नाही म्हटलं तेव्हा कोंबडा आरवला होता. इथले कोंबडे त्या दिवसापुरते केव्हाच आरवून गेले होते, नाहीतर तेही ऐकावं लागलं असतं.

काकांनी पाहिलं होतं. काही बोलले नाहीत.

मग बराच वेळ मी त्या वचनाचाच विचार करत चाललो. करिंथकर पौलाकडे पुरावा मागत होते, ख्रिस्त तुझ्यातून बोलतो कशावरून? त्यावर पौलानं परीक्षा त्यांच्याच अंगावर टाकली, आधी स्वतःला तपासा म्हणून. माझं पत्र करिंथकरांच्या बाजूनं लिहिलेलं होतं. इतकी वर्षं तो अध्याय वाचतोय.

शेवटी मीच विषय काढला. "काका, तुम्हाला गाडीत खोटा पासवाला ओळखू यायचा का?"

"सारे म्हनत, याले डोयावरून समजते. कायचं समजते! तीस वर्सं तिकिटं फाडली, निम्म्या वक्ती चुकलो. एकदा एका पोराले उतरून देल्लं, अन् पास खरा होता लेकाचा."

मी येशूनं सांगितलेला निदणाचा, म्हणजे तणाचा, दाखला काढला. गव्हात वैऱ्यानं निदण पेरलं, नोकर म्हणाले उपटतो, मालक म्हणाला कापणीपर्यंत राहू द्या, नाहीतर गहूही उपटला जाईल. मित्र इतका वेळ गप्प होता, तो इथं बोलला. "असा कोनता मालक हाय? आमी तं पेरनीच्या पंधरा-वीस दिवसांत डवरा धरतो अन् निंदाले बाया लावतो. कापनीलोक थांबलं तं तनच खाईन सारं." मी समजावलं की तिकडचं ते तण ओंबी येईपर्यंत अगदी गव्हासारखंच दिसतं. तो जरा वेळ चालला आणि म्हणाला, "मंग बराबर हाय. न ओयखू येनाऱ्याले काय निंदतं?"

पणजोबांचंही बोललो. १८९९-१९०० च्या दुष्काळात ते मिशनच्या अनाथालयात वाढले. पोटासाठी ख्रिस्ती झाले, असं गावात अजून कोणी म्हणतं, आणि मला ते लागतं, कारण खोटं आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काका म्हणाले, "भाकरीच्या मागं गेले तं गेले. पाच हजार लोकं बी भाकरीच्याच मागं गेलते न?" येशूनं त्या लोकांना त्याबद्दल सुनावलं होतं, हे मला आठवत होतं. पण भाकर आधी दिली होती, हेही.

पातूरला पादुकांच्या दर्शनाची रांग लागली. मित्र रांगेत गेला. काका बाहेर झाडाखाली उभे राहिले, त्याच्या चपला हातात धरून. अर्धा तास. मी विचारलं, "आत नाही जात?" मान हलवली. "मंग येता कशाला दरवर्षी?"

"त्याले दिसत नाही," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "अन् मलेही बरं वाटते, खरं सांगू तं. ते तुह्या बैठकीत लेहून घे. काऊन बरं वाटते ते मले इचारू नको, मले ठाव नाही."

परतीच्या एसटीत काका खिडकीशी झोपले.

पुढच्या रविवारी बैठक आहे. काकांचं काय ते सांगीन, पण त्याआधी अकोल्याचा म्हणून बुक्का लावून घेतलेल्या माणसाचंही सांगावं लागेल, आणि ते अजून कागदावर उतरत नाही. घरी मात्र लपलं नाही. धुण्यात बायकोला रुमाल सापडला. "हे काळं कशाचं?" मी सगळं सांगितलं. ती हसलीही नाही आणि रागावलीही नाही. रुमाल बादलीत टाकला आणि म्हणाली, "गोणपाट उघडा आता, आठवा दिवस आहे."

अंगणात उकिडवे बसून आम्ही मोजले. बहात्तर उगवलेले. सोळा कुजलेले. आणि बारा दाणे फुगून टम्म झालेले, पण कोंब नाही. ती म्हणते ते मेलेले धरा. मी म्हणतो अजून एक दिवस ओल राहू दे.

त्यावर आमचं अजून चाललंय.