डॉकर बसवल्यानंतरची कामं

बुधवार, रात्री साडेदहा. कोथरूड.

जुन्या उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर आज डॉकर नव्याने बसवलं; प्रत्येक प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं हे सॉफ्टवेअर. आधी साफसफाई: उबुंटूच्या रिपॉझिटरीतलं (पॅकेजच्या भांडारातलं) 'डॉकर डॉट आयओ', जुनं 'डॉकर-कंपोज' (एका फाइलवरून अनेक कंटेनर चालवणारं), सुटं 'कंटेनरडी' आणि 'रनसी' (कंटेनर चालवणारे आतले भाग) काढायचं, नाहीतर नव्या पॅकेजशी त्यांचं जमत नाही. पॅकेज काढलं तरी इमेजेस (कंटेनरचे साचे) आणि व्हॉल्यूम (कंटेनरचा जपलेला डेटा) '/वार/लिब/डॉकर'मध्ये तसेच राहतात, त्यामुळे डेटाची काळजी नको. बॅकअप मात्र आधी घ्यावाच. मग डॉकरची की आणि रिपॉझिटरी जोडून 'डॉकर-सीई', 'कंटेनरडी डॉट आयओ' आणि कंपोज प्लगइन. चाचणीचा 'हॅलो-वर्ल्ड' कंटेनर चालला.

खरं जपायचं ते पोर्टांना. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसचं ५४३२ पोर्ट बंद असलं तरी कंपोज फाइलमध्ये '५४३२:५४३२' लिहिलं की पोस्टग्रेस बाहेर उघडं पडतं. डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या नेटवर्क-नियमांत) स्वतःचे नियम घालतं. पॅकेट नॅटच्या (पत्ता बदलण्याच्या) टप्प्यावरच कंटेनरकडे वळतं आणि फॉरवर्ड साखळीतून (पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांतून) जातं; यूएफडब्ल्यूचे आपले नेहमीचे नियम बसतात इनपुट साखळीत (खुद्द सर्व्हरसाठी आलेल्या पॅकेटच्या नियमांत). 'यूएफडब्ल्यू स्टेटस' पाहून मन निर्धास्त होतं, हाच मोठा धोका. '१२७.०.०.१:५४३२:५४३२' असं लिहावं, म्हणजे पोर्ट फक्त त्याच सर्व्हरपुरतं उघडतं. ॲप आणि डेटाबेस एकाच कंपोज नेटवर्कमध्ये असतील तर पोर्ट लिहायचीच गरज नाही. बाहेरच्यांना अडवायचे नियम 'डॉकर-यूजर' साखळीत.

लॉग (कंटेनरच्या नोंदी): मूळ 'जेसन-फाइल' ड्रायव्हर फाइल कापत नाही, डिस्क भरेपर्यंत लिहीत राहतो. डॉकरच्या 'डिमन डॉट जेसन' या सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'मॅक्स-साइझ' १० एमबी, 'मॅक्स-फाइल' ३. हे फक्त नव्या कंटेनरना लागू होतं, म्हणून पहिला कंटेनर उभा करण्याआधीच लिहावं.

'डॉकर' ग्रुपमध्ये कुणालाही घालू नये. त्या ग्रुपमधला माणूस होस्टची (मूळ सर्व्हरची) अख्खी फाइलसिस्टम कंटेनरमध्ये माउंट करू (जोडू) शकतो, म्हणजे रूटच (सर्वाधिकारीच) झाला.

उद्या गुरुवार. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती बहुधा याच वारी, आणि यूपीएस दिवसभर पुरत नाही. म्हणून सगळीकडे 'रीस्टार्ट: अनलेस-स्टॉप्ड' (हाताने थांबवला नसेल तर आपोआप उठायचं). 'ऑलवेज' दिलं तर हाताने थांबवलेला कंटेनरही डॉकर पुन्हा सुरू झाल्यावर उठतो. दुरुस्तीसाठी मुद्दाम बंद ठेवलेला डेटाबेस असा उठणं वाईट.

रीबूट करून पाहिलं. तीन कंटेनर उठले, चौथा नाही: त्याच्या फाइलमध्ये रीस्टार्टची ओळच नव्हती. ती घालून पुन्हा कंपोजचं 'अप -डी' (कंटेनर मागे चालू ठेवणारी आज्ञा) दिलं.