दाराचा स्विच

पप्पांच्या जुन्या पद्मिनी गाडीच्या दाराचा स्विच आज बदलला. दाराच्या चौकटीत तो छोटा पिनवाला असतो ना तोच, दार बंद असलं की दाबलेला, उघडलं की पिन बाहेर आणि गाडीच्या बॉडीतून अर्थिंग मिळून आतला दिवा पेटतो, एकच वायर, बाकी काय नाय. पण गोव्याची खारी हवा आणि वर पावसाळा, स्क्रूचं डोकंच गंजून भुगा झालेलं! वायर निसटून चौकटीच्या पोकळ खांबात गेली की मेलो, म्हणून आधी टेपने बाहेर चिकटवली, मग भोकाच्या कडा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासल्या, कारण गंजावर बसवला तर नवा स्विच पण मुकाच. पार्ट म्हापशात मिळाला, पाव-भाजी त्याहून महाग. उद्या पलीकडचं दार, तिथे रबर पण गेलाय.