अनंताच्या पायाशी चुना

मे महिन्यात रामबागेतल्या एका आजींचा फोन आला. "अगं, अनंत पिवळा पडलाय. यंदा एक कळी धरली नाही." मी इंदूरला नर्सरी चालवते, उन्हाळ्यात असे फोन रोजचेच. न बघताच सांगून मोकळी झाले: शेणखत घाला, संध्याकाळी पाणी द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला, आवाज रडवेला. तेव्हा स्कूटी काढली.

झाड चांगलं पुरुषभर उंच, आजोबांनी तीस वर्षांपूर्वी लावलेलं. शेंड्याची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी आणि त्यांवर शिरांची हिरवी जाळी. खालची जुनी पानं मात्र गर्द, चकचकीत. माझी चूक तिथेच कळली. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. लोह असं हलवता येत नाही. ते कमी पडलं की उपाशी राहतात ती नवी पानं. मी फोनवर एवढं तरी विचारायला हवं होतं, कुठली पानं पिवळी आहेत ते.

अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा; कमी म्हणजे आम्ल) साधारण 5 ते 6. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत चुनखडी, त्यात बोअरचं जड पाणी. सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. पण हे झाड तीस वर्षं याच मातीत फुललं होतं. दर उन्हाळ्यात आजी देवापुढे फुलांचं ताट भरायच्या. मग आताच काय झालं?

"दिवाळीआधी मागची भिंत पाडली ना," आजी म्हणाल्या, "पण ती तर तिकडे होती."

खुरपं वीतभर खाली गेलं आणि ठणकन वाजलं. पांढरं ढेकूळ निघालं. मी आजींकडे लिंबू मागितलं आणि ढेकळावर पिळलं. ते फसफसलं. बारीक बुडबुडे, सोड्यावर येतात तसे. जुन्या वाड्याचा चुन्याचा गिलावा होता तो. मजुरांनी सगळा मलबा वाफ्यात पसरून वरून माती ओढली होती. आजी कितीतरी वेळ त्या ढेकळाकडे बघत राहिल्या. "म्हणजे याच्या पायाशी चुना आम्हीच घातला," एवढंच बोलल्या.

अनंताची मुळं बारीक आणि वरवर असतात, त्यांना डिवचलेलं खपत नाही. म्हणून कुदळ बाजूला ठेवली आणि हातांनी मलबा काढला. सात घमेली निघाली. जागा भरली ती पालापाचोळ्याच्या खताने, जुन्या शेणखताने, कोकोपीटने आणि मूठभर गंधकाने. गंधक सावकाश काम करतं. जमिनीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्याला महिने लागतात. तोवर झाड तगायला हवं, म्हणून हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, लिटरभर पाण्याला 5 ग्रॅम, पानांवर फवारून, ऊन उतरल्यावर. खाली पोती अंथरली, नाहीतर फरशीवर गंजाचे डाग कायमचे बसतात. मातीत द्यायला चिलेटेड लोह आणलं, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह. ते घेताना डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीए हा दुसरा प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही. बोअरचं पाणी बंद केलं. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप लावून तेच पाणी झाडाला घालायला सांगितलं.

पहिला पाऊस झाल्यावर मी आठ फांद्याही कापून नेल्या. मूळ झाड गेलंच तर, हे आजींना सांगितलं नाही. वीतभर, अर्धवट जून फांद्या, खालची पानं काढून वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत लावल्या. पाच जगल्या.

श्रावणात आजींनी बोलावलं. शेंड्यावर चार नवी पानं होती, हिरवी, शिरा वेगळ्या दिसत नव्हत्या. फूल यंदा नाहीच. मी पिशवीतलं एक छोटं रोप काढलं तेव्हा आजींनी विचारलं, "हे याचंच ना?" आणि मी हो म्हणेपर्यंत कुंडी आणायला आत गेल्यासुद्धा.