तुम्ही विचारलंत म्हणून: गणित कच्चं आहे, साथरोगशास्त्र झेपेल का?

एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) प्रवेश घेतलेले डेंटिस्ट, नर्स, आयुर्वेदाचे पदवीधर, सगळे हेच विचारतात. झेपेल. पहिल्या सत्रातलं बहुतेक गणित भागाकाराचंच असतं. अडतं ते छेदात कुणाला धरायचं, या प्रश्नाशी.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो काउंटीत एप्रिल १९४० मध्ये चर्चच्या जेवणानंतर माणसं ओकाऱ्या-जुलाबांनी हैराण झाली. वर्गात आजही हे उदाहरण सोडवून घेतात. ७५ जणांची चौकशी झाली, ४६ आजारी निघाले. त्यातल्या २९ जणांनी हॅम (डुकराचं मांस) खाल्लं होतं, म्हणजे ६३ टक्के. नवखा विद्यार्थी इथेच हॅमवर खापर फोडतो, कारण त्याने छेदात आजारी माणसं घेतलेली असतात.

घ्यायची असतात खाणारी आणि न खाणारी, वेगवेगळी. हॅम खाणारे ४६, त्यातले आजारी २९: पुन्हा ६३ टक्के. (दोन्हीकडे ४६ आले हा निव्वळ योगायोग, त्याला भुलू नका.) न खाणारे २९, त्यातले आजारी १७: ५९ टक्के. म्हणजे हॅम जवळपास निर्दोष. आता व्हॅनिला आइस्क्रीम: खाणारे ५४, आजारी ४३, म्हणजे अटॅक रेट (गटातल्या किती टक्के माणसांना आजार झाला) ८० टक्के. न खाणारे २१, आजारी ३, म्हणजे १४ टक्के. पहिल्या दराला दुसऱ्याने भागा (४३/५४ ला ३/२१ ने): रिलेटिव्ह रिस्क ५.६, म्हणजे आइस्क्रीम खाणाऱ्यांना धोका ५.६ पट.

न खाताही आजारी पडलेले ते तिघं बघून गडबडू नका. कुणी खाल्लेलं विसरतं, कुणी दुसऱ्याच्या वाटीतलं चाखतं, कुणाचं पोट भलत्याच कारणाने बिघडलेलं असतं.

आता आइस्क्रीमचे हेच आकडे चार घरांच्या तक्त्यात मांडा: खाणारे आजारी ४३, ठणठणीत ११; न खाणारे आजारी ३, ठणठणीत १८. त्यातून ऑड्स रेशो काढा, म्हणजे दोन्ही गटांतल्या आजारी-ठणठणीत गुणोत्तरांचा भागाकार. ४३ गुणिले १८, भागिले (११ गुणिले ३): सुमारे २३. याला "तेवीसपट धोका" म्हणालात की मार्क गेले. आजार विरळ असेल तरच ऑड्स रेशो रिलेटिव्ह रिस्कच्या जवळ येतो. इथे निम्म्याहून जास्त माणसं आजारी होती. असे दहा तक्ते हाताने सोडवा, मगच सॉफ्टवेअर उघडा. कॉन्फिडन्स इंटरव्हलचं (उत्तर किती इकडेतिकडे असू शकतं ते दाखवणाऱ्या मर्यादांचं) सूत्र सॉफ्टवेअर सांभाळतं, पण छेद चुकलाय हे ते सांगत नाही.

मग ऑड्स रेशो शिकायचा कशाला? गावजेवणातून विषबाधा झाली की जेवले किती याची यादी कुणाकडेच नसते. तिथे केस-कंट्रोल अभ्यास करावा लागतो: आजारी माणसं म्हणजे केस, आजारी न पडलेली म्हणजे कंट्रोल, आणि दोघांनी काय खाल्लं याची तुलना. कंट्रोल किती घ्यायचे हे तुम्हीच ठरवता, त्यामुळे त्यातून अटॅक रेट निघत नाही; ऑड्स रेशो निघतो. कंट्रोल त्याच पंगतीला जेवलेले पण ठणठणीत राहिलेले घ्या, जेवायला न आलेले शेजारी नकोत. आणि त्यांनाही प्रत्येक पदार्थ नाव घेऊन विचारा. आजारी माणसाने काय बाधलं याचा विचार आधीच शंभरदा केलेला असतो. ठणठणीत माणूस "सगळंच थोडं थोडं खाल्लं" म्हणून मोकळा होतो.