मोपा ते लिस्बन: अंतर किती, वेळ किती

गोव्याहून (मोपा किंवा दाबोळी विमानतळावरून) पोर्तुगालची राजधानी लिस्बनला थेट विमान नाही. सरळ मोजल्यास हे अंतर सुमारे 8,300 किलोमीटर भरते आणि न थांबणाऱ्या विमानाला ते अकराएक तासांत कापता आले असते. प्रत्यक्षात मात्र फोंड्यातील घर सोडल्यापासून लिस्बनमधील मुक्कामी पोहोचेपर्यंत आमचा जवळजवळ पूर्ण दिवस गेला. म्हणूनच तिकीट काढताना किलोमीटरांपेक्षा थांब्यांचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आम्ही दोहामार्गे गेलो. गोवा ते दोहा सुमारे 2,550 आणि दोहा ते लिस्बन सुमारे 5,800 किलोमीटर, म्हणजे फारशी वाकडी वाट होत नाही, कारण लिस्बनची सरळ रेषाच आखाती प्रदेशावरून जाते. पहिला टप्पा चारएक तासांचा, दुसरा आठ तासांच्या आसपासचा. मुंबई आणि फ्रँकफर्टमार्गे गेल्यास अंतर साधारण पाचशे किलोमीटरांनी वाढते. त्याहून मोठी अडचण म्हणजे विमान दोनदा बदलावे लागते. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असावेत, म्हणजे सामान थेट लिस्बनला उतरते आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तरी पुढची सोय कंपनीला करावी लागते. सोबत वयस्कर आई असल्याने आम्ही तीन तासांचा थांबा निवडला होता आणि तो योग्य ठरला. व्हीलचेअरची मागणी मात्र तिकीट काढतानाच नोंदवावी.

तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नये. हिवाळ्यात पोर्तुगाल आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. जानेवारीत पहाटे चारला निघून त्याच दुपारी दोनला पोहोचणारा प्रवास दहा तासांचा वाटतो, पण तो साडेपंधरा तासांचा असतो. परतताना वरच्या थरातील पश्चिमेकडून येणारे वारे पाठीशी असल्याने उड्डाणाचा वेळ तासाभराने कमी होतो, तरीही घड्याळाच्या हिशेबात बहुधा दुसरा दिवस उजाडतो. त्या दिवशी कामावर रुजू होण्याचे ठरवू नये.

विमान मोपाहून आहे की दाबोळीहून, हे तिकिटावर नीट पाहावे. मोपा पणजीपासून सुमारे 35 किलोमीटरवर आहे आणि मडगाव, काणकोणकडून येणाऱ्यांना आणखी बराच वेळ हाताशी ठेवावा लागतो. शेंगेन व्हिसाचा (पोर्तुगालसह युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, तेव्हा तो शेवटच्या पंधरवड्यापर्यंत लांबवू नये. किमान 30,000 युरोंच्या प्रवास विम्याची छापील प्रत हातातल्या पिशवीत असावी.

लिस्बनला पासपोर्ट तपासणीची रांग लांब असू शकते, त्यामुळे त्याच संध्याकाळचे पोर्तोच्या रेल्वेचे तिकीट आधी काढून ठेवू नये. विमानतळाला लागूनच मेट्रोचे स्थानक आहे; तेथील लाल मार्गिकेने अर्ध्या तासाच्या आत शहरात पोहोचता येते.